गैर मुमकिन जमीन : ओरण, उत्सर्ग आणि सौरऊर्जेची जागा

सौरऊर्जा प्रकल्पासाठी जागा कशी निवडावी हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा आणि महसूल खात्याचा आहे. ऊन वर्षातून किती दिवस पडते, जमीन कितपत सपाट आहे, वीजवाहिनी किती अंतरावर आहे आणि जमिनीवर कोणाचे नाव लागले आहे, एवढे पाहिले की निर्णय होतो असे मानले जाते. मात्र या हिशेबाला हात घालण्यापूर्वीच एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे देशात काही जमीन रिकामी पडलेली आहे आणि ती कामाला लावण्यात कोणाचेच काही जात नाही. जमीन ‘रिकामी’ आहे हे विधान दिसते निरीक्षणासारखे, पण ते निरीक्षण नसून मत आहे. जमीन कशासाठी असते आणि ती कोणाची असते याविषयीचे एक संपूर्ण तत्त्वज्ञान त्या एका शब्दात दडलेले आहे. पश्चिम राजस्थानातील ओरणांच्या वादात ते तत्त्वज्ञान उघड्यावर आले.

ओरण म्हणजे लोकदेवतेच्या नावाने राखलेले रान. ‘अरण्य’ या शब्दाचेच हे मरुभूमीतील रूप असून महाराष्ट्रातील देवराई हे त्याचे जवळचे नातलग म्हणता येईल. फरक एवढाच की सह्याद्रीतील देवराई दाट, ओलसर आणि आटोपशीर असते, तर जैसलमेर, बाडमेर, बिकानेर या भागांतील ओरण विरळ, उघडे आणि हजारो बिघ्यांत पसरलेले असते. खेजडी, केर, जाळ, बोर ही झाडे, सेवण गवताचे पट्टे आणि पावसाचे पाणी तळ्याकडे वाहून आणणारा उतार, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘आगोर’, एवढा त्याचा संसार. नियम थोडे, पण कडक असतात : हिरव्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, नांगर घालायचा नाही, गुरे, मेंढ्या, उंट चारायला मात्र कोणाची आडकाठी नाही. शहरी डोळ्याला ही जागा ओसाड दिसते आणि उपग्रहाच्या डोळ्यालाही ती फारशी वेगळी दिसत नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पडीक भूमी नकाशासंग्रहात देशाच्या सुमारे १७ टक्के भूभागाची गणना पडीक म्हणून झाली आहे, आणि अशा पडीक वर्गात चराऊ माळ व काटेरी झुडपांची राने मोठ्या प्रमाणावर मोडतात.

महसुली दप्तरात या जमिनींना मिळालेली नावे मोठी बोलकी आहेत. लागवडीस न येणाऱ्या जमिनीपुढे राजस्थानात ‘गैर मुमकिन’ असा शेरा असतो. शब्दशः अर्थ ‘अशक्य’. महाराष्ट्रातील सातबाऱ्यावर त्याच जातीचा ‘पोटखराबा’ हा शब्द आहे. जी जमीन नांगराखाली येत नाही ती एक तर अशक्य, नाही तर खराब! या परिभाषेमागे सारावसुलीची दृष्टी आहे, आणि इंग्रजी अमलात तिला वैचारिक आधारही लाभला. जमिनीत श्रम मिसळले की मालकी उत्पन्न होते आणि ज्या जमिनीत श्रम मिसळलेले नाहीत ती वाया गेलेली, हा जॉन लॉकने १६९० च्या आसपास मांडलेला सिद्धान्त पुढे वसाहतींच्या जमीनधोरणात मुरला. हिंदुस्थानात १८६३ साली पडीक जमिनींवरील दाव्यांसाठी स्वतंत्र कायदाच झाला. ‘पडीक’ ठरली की जमीन सरकारची, आणि सरकारची झाली की ती कोणालाही देता येते, अशी ही साखळी आहे. अक्षय ऊर्जा प्रकल्पांना सरकारी जमीन देण्यासाठी राजस्थानने २००७ साली केलेले नियम या साखळीचीच पुढची कडी होत. त्यातच सौर फोटोव्होल्टाइक प्रकल्प, म्हणजे उन्हापासून थेट वीज बनवणारी पॅनेल्स, २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले असल्यामुळे या जागेवर आज काय आहे हा साधा प्रश्नही विचारण्याची सक्ती कोणावर राहत नाही. २२४५ मेगावॅट क्षमतेच्या भडला सौर उद्यानाने सुमारे ५,७०० हेक्टर जमीन व्यापली आहे. या प्रमाणावर पाहिले असता विचारायचे राहून गेलेल्या प्रश्नाचा आकार लक्षात येतो.

नांगरता न येणाऱ्या जमिनीकडे पाहण्याची दुसरी रीत भारतीय परंपरेत होती, आणि ती केवळ भाविकांची नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, ‘भूमिच्छिद्रविधान’ नावाचा एक अध्याय आहे. भूमिच्छिद्र म्हणजे लागवडीच्या सलग पटातील छिद्र, शेतीस अयोग्य जमीन. अशा जमिनीचे राजाने काय करावे हे सांगताना तो कठोर व्यवहारी ग्रंथ आधी गुरांसाठी कुरणे सोडायला सांगतो, मग वेदाध्ययनासाठी व तपासाठी अरण्ये राखायला सांगतो, आणि त्या अरण्यांतील स्थावर-जंगम अशा सर्वांना अभय असावे अशी अट घालतो. राजाच्या खजिन्यावर ज्याची इतकी बारीक नजर आहे, त्या ग्रंथकारालाही नांगराबाहेरची जमीन निरुपयोगी वाटलेली नाही. तिचा उपयोग वेगळ्या जातीचा आहे, इतकेच त्याला अभिप्रेत होते.

तरीही खरा पेच उपयोगाचा नसून मालकीचा आहे. ओरण वाचवू पाहणारे लोक सहजपणे म्हणतात की ही जमीन देवीची आहे, सरकारची नव्हे. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती असू शकते, तिच्या नावे मालमत्ता असू शकते, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली स्पष्टपणे मान्य केले आणि आजही ते चालते. महाराष्ट्रातील देवस्थान इनाम जमिनी या कल्पनेच्याच शेजारी नांदतात. त्यामुळे ओरणाची नोंद देवीच्या नावे करून घ्यावी, म्हणजे वाद मिटला, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हा मार्ग वाटतो तितका सुरक्षित नाही, आणि त्याला पहिला आक्षेप आधुनिक कायद्याने नव्हे, तर मीमांसकांनी घेऊन ठेवला आहे.

वेदवाक्यांच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र म्हणजे मीमांसा. जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करताना शबराने देवतेच्या मालकीचा प्रश्न उपस्थित केला आहे. देवतेचे गाव, देवतेचे शेत असे लोक बोलतात खरे, पण तो केवळ ‘उपचार’ होय, म्हणजे लाक्षणिक प्रयोग, असे त्याचे मत. कारण ज्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणे विनियोग करता येतो ती आपली, आणि देवता गावाचा वा शेताचा असा विनियोग करताना कोणाला दिसत नाही. हा युक्तिवाद नास्तिकाचा नाही. यज्ञाला प्राणापलीकडे मानणाऱ्याचा आहे. त्याचा व्यावहारिक निष्कर्ष मात्र कठोर आहे : देवतेच्या नावाने जो विनियोग होतो तो प्रत्यक्षात तिच्या कारभाऱ्यांचा असतो. देवी मालक ठरली की तिच्या वतीने सही करणारा कोणीतरी ठरतो, आणि सही करणारा ठरला की भाडेपट्टाही होऊ शकतो. मग कुंपण येते ते देवीच्याच संमतीने.

याच जैमिनीच्या सहाव्या अध्यायात आणखी एक विचार आहे, आणि तो या प्रश्नाला अधिक उपयोगी पडतो. विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचे असते. यजमान सार्वभौम राजा असेल तर त्याने पृथ्वीही द्यावी काय? मीमांसकांचे उत्तर नकारार्थी आहे. पृथ्वी सर्वांना सारखीच आहे, ती कोणा एकाची नाही, आणि जे आपले नाही ते देता येत नाही. माणसे शेतांचे धनी असलेली दिसतात, संपूर्ण भूगोलाचा धनी कोणी दिसत नाही, असे शबर स्पष्ट करतो. राजाचे राजेपण रक्षणात आणि त्याबद्दल मिळणाऱ्या वाट्यात असते. तेवढ्याने भूमी त्याची होत नाही. ऐतरेय ब्राह्मणातील कथाही याच अंगाची आहे : विश्वकर्मा भौवन हा राजा कश्यपाला पृथ्वी दान करायला निघतो, तेव्हा पृथ्वीच बोलते, कोणाही मर्त्याला मला देता येणार नाही असे बजावते आणि पाण्यात बुडून जाण्याची धमकी देते. सरकारी पडीक जमीन वाटून देणाऱ्या कोणत्याही आदेशावरील हा सर्वांत जुना आक्षेप मानायला हरकत नसावी.

देवता मालक नाही, राजाही मालक नाही. मग ओरण आहे तरी काय? याचे समर्पक उत्तर धर्मशास्त्रातील ‘उत्सर्ग’ या कल्पनेत सापडते. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतील भेद विस्ताराने मांडला आहे. दानात एकाची मालकी सुटते आणि दुसऱ्याची लागते, म्हणून त्याला घेणारा लागतो. उत्सर्गात मालकी नुसती सुटते. तळे, विहीर, बाग सर्व भूतांसाठी सोडली जाते, तिला घेणारा कोणी एक नसतो, आणि सोडणाराही पुढे इतरांसारखाच एक होऊन तिचे पाणी पिऊ शकतो. ओरणाचे नियम या चौकटीत चपखल बसतात. चरणे चालते, तोडणे चालत नाही. येणे-जाणे चालते, वेढून घेणे चालत नाही. देवीचे नाव तिथे मालकीहक्काची पाटी म्हणून नसून सुटलेली मालकी कोणी पुन्हा उचलू नये यासाठी ठेवलेल्या साक्षीदाराचे आहे. ओरणांची पावित्र्यभावना नीट पाहिली तर ती ‘हे तिचे आहे’ यापेक्षा ‘हे आता कोणाचेच नाही’ या अंगाने अधिक उलगडते. १७३० साली खेजडलीत खेजडीची झाडे वाचवताना ३६३ बिश्नोई मारले गेले, तेव्हाही तोडीचा हुकूम देणारा जोधपूरचा दरबार त्या भूमीचा राजा होताच. राजा असणे आणि झाड तोडण्याचा अधिकार असणे या दोन गोष्टी एक नाहीत, हेच त्या बलिदानाचे म्हणणे होते. बिकानेर भागात सौर प्रकल्पांसाठी होणाऱ्या खेजडीतोडीविरुद्ध अलीकडे झालेली आंदोलने तेच म्हणणे पुन्हा मांडत आहेत.

या भूमिकेवरचा सर्वांत वजनदार आक्षेप उत्सर्गाच्या कल्पनेतूनच निघतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. जमीन सर्व भूतांसाठी सोडलेली असेल, तर कोळसा कमी जाळणारी आणि अजून न जन्मलेल्यांच्या वाट्याचा ताप थोडा कमी करणारी वीज हाही सर्वभूतहिताचाच प्रकार नव्हे काय? २१ मार्च २०२४ रोजी माळढोकाच्या, म्हणजे राजस्थानी गोडावणाच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला आणि सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रातील वीजवाहिन्यांबाबतचा आपला २०२१ चा सरसकट आदेश सैल केला, तो याच विचाराने. समोरून येणाऱ्या तारा वेळेवर न दिसणारा हा जड पक्षी आणि तारेतून जाणारी स्वच्छ वीज, दोघांच्याही बाजूने ‘सर्वभूतहित’ हा एकच शब्द उभा करता येतो.

तरी दोहोंत एक भेद राहतो. उत्सर्गाचे मर्म फळ सर्वांना मिळण्यात नाही, वाट सर्वांना मोकळी असण्यात आहे. तळे बांधणाऱ्याने गावाला पाणी घरपोच दिले पण तळ्याला कुलूप घातले, तर ते लोकोपयोगी काम होईल, उत्सर्ग होणार नाही. सौर प्रकल्पाला सुरक्षेसाठी कुंपण लागते, जमीन सपाट करावी लागते, आणि करार बहुधा पाव शतकाचा असतो. तेवढ्या काळात मेंढपाळाची एक पिढी रस्ता विसरते आणि आगोराचा मोडलेला उतार पुन्हा साधत नाही. शिवाय ऊन सगळीकडे पडते. छपरे, कालवे, आधीच खणून झालेल्या खाणी यांच्यावरही ते पडते. गुजरातमध्ये चंद्रासण येथे कालव्यावर पॅनेल्स बसवून २०१२ सालीच ते दाखवून झाले आहे. तिथली वीज थोडी महाग पडते, हे खरे. पण ओरणावरची वीज स्वस्त पडते ती तिथे जमिनीची किंमत कोणी मागायला येत नाही म्हणून, आणि मागायला कोणी येत नाही ते मालकी सोडून दिलेली आहे म्हणून. म्हणजे जुन्या पिढ्यांच्या त्यागाचे रूपांतर नव्या दरपत्रकातील सवलतीत होते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायराने घेतली जातात तेव्हा हाच प्रश्न सौम्य रूपात उभा राहतो. तिथली वीज निदान परिसरातील शेतीपंपांना मिळते हे योजनेच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे, पण गाईचे रान ते गाईचे रान.

ओरणांना आदर्श ठरवण्याचेही कारण नाही. त्यांतील कित्येक जागीरदारांच्या मर्जीने राखली गेली, आणि ‘सर्व भूते’ म्हणताना गावातील सर्व माणसे त्यात नेहमी सारख्याच मानाने धरली जात असतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. रिकाम्या जमिनीचे मिथक मोडताना पवित्र जमिनीचे दुसरे मिथक रचण्याची गरज नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील अशा पवित्र रानांचे जमिनीवरून आणि उपग्रहावरून मोजमाप करून त्यांना वन म्हणून नोंदवण्याचा आदेश दिला, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली स्थानिक समाजाकडे त्यांची राखण सोपवण्याची सूचनाही केली. ओरणाच्या आसऱ्याने राहणाऱ्यांच्या मनात त्याआधीपासूनच धास्ती होती की वन म्हटले की वनखाते येईल आणि चराईवर बंदी येईल. कुंपण पॅनेलांचे नसेल, खात्याचे असेल. वनहक्क कायद्यात पशुपालकांचा चराईहक्क मान्य आहे, मात्र जे आदिवासी नाहीत त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास आणि अवलंबन सिद्ध करावे लागते. पुरावा मागितला जातो तो वापराचा : पावती, पिकाची नोंद, दंडाची चिठ्ठी, जुना नकाशा. ओरणाविषयी सांगण्यासारखी मुख्य गोष्ट तर ही की इथे कोणी नांगरले नाही, कोणी तोडले नाही, सारा भरावा असे काही पिकवले नाही. आणि न केलेल्या गोष्टीची पावती कोणत्याही तलाठ्याने वा पटवाऱ्याने आजवर फाडलेली नाही.