काय जिंकले?



भक्ती कोणाची करावी, हा प्रश्न आपण बहुधा देवघरापुरताच ठेवतो. मैदानाकडे पाहताना तो मनात येत नाही. म्हणून आज एका दूरच्या गावाकडे पाहू या.

अमेरिकेत टेक्सासच्या पश्चिम भागात ओडेसा हे गाव आहे. जमीन सपाट, कोरडी. सगळी उपजीविका खनिज तेलावर. १९८० च्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि अनेकांचे रोजगार गेले. तरीही शुक्रवारी रात्री गाव एका ठिकाणी जमत असे, पर्मियन हायस्कूलच्या मुलांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना पाहायला. वस्ती सुमारे ९० हजार आणि १९८२ मध्ये बांधलेले स्टेडियम १९ हजारांहून अधिक प्रेक्षकांचे! खेळणारी मुले सोळा-सतरा वर्षांची. एच. जी. बिसिंजर हे पत्रकार १९८८ मध्ये तेथे जाऊन राहिले आणि त्या हंगामावरचे त्यांचे ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ हे पुस्तक १९९० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यातले तपशील वाचताना एखाद्या संस्थानाचा उत्सव वाचतो आहोत असेच वाटते. प्रत्येक खेळाडूसाठी शाळेतली एक मुलगी ठरलेली. तिने त्याच्या अंगणात नावाची पाटी लावायची, त्याच्यासाठी गोडधोड करून न्यायचे. याला नैवेद्याशिवाय दुसरे काय म्हणावे? संघाच्या औषधपट्टीच्या साहित्यावर ६,७५० डॉलर खर्च होत आणि इंग्रजी विभागाच्या शिकवण्याच्या साहित्यावर ५,०४०. कोणते दैवत जागृत आहे, हे अंदाजपत्रकातही दिसते.

आपल्याकडे काम होत नसेल तर देव पाण्यात घालून बसतात. ओडेसातही तेच झाले. मिडलँड ली या शाळेशी पर्मियनचा संघ एका गुणाने हरला आणि प्रशिक्षकांच्या घरासमोर ‘घर विकणे आहे’ अशा पाट्या कोणीतरी रोवून गेले.

पण आपण थांबायचे आहे ते जेम्स माइल्सपाशी. बूबी या नावाने गाव त्याला ओळखत असे. देशभरातल्या कॉलेजांची पत्रे त्याला येत. अभ्यासात तो मागे होता. खेळ होता तोवर त्याची फारशी काळजी कोणाला वाटली नाही. हंगाम सुरू होण्याआधीच्या एका सराव सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. त्याच्या जागी दुसरा मुलगा चमकू लागला आणि गावाचा जयघोष तिकडे वळला. माइल्स पट्टा बांधून परत आला, पण पूर्वीसारखे धावता येईना. हंगामाच्या मध्यातच त्याने संघ सोडला.

गणपतीचे आपण विसर्जन करतो, कारण ती मूर्ती मातीची असते आणि देव मूर्तीपुरता नसतो. या मुलाला मात्र विसर्जनानंतरही त्याच गावात सकाळी उठायचे होते. परमेश्वराकडे आपण मागतो, त्याच्यावर रुसतो, त्याला बोल लावतो. तो हे सारे पेलतो. सतरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हाच भार ठेवला तर ते प्रेम नाही, ती आपली रिकामी जागा भरण्याची धडपड आहे. ओडेसाचे लोक वाईट नव्हते. त्यांचे बरेच काही हरवले होते, आणि ते परत मिळवून देण्याचे काम त्यांनी मुलांवर सोपवले.

महाभारतातला द्यूतप्रसंग आठवावा. द्रौपदी पणाला लागली तेव्हा विदुर डोके धरून बसले होते. धृतराष्ट्र मात्र आनंद लपवू न शकता पुन्हा पुन्हा विचारत होता, काय जिंकले, काय जिंकले? त्या विजयाने आपल्या पुत्राचे काय होणार, हा प्रश्न त्याने त्या क्षणी विचारला नाही. आपण याला पुत्रप्रेम म्हणत आलो. व्यासांनी तो मोह म्हणूनच दाखवला आहे.

आता आपले गाव, आपली वसाहत पाहा. तुम्ही इंदूरला असाल, बेळगावला किंवा बडोद्याला, चौकात कधी ना कधी एखाद्या किशोर खेळाडूचा फ्लेक्स लागलेला तुम्ही पाहिलाच असेल. हार, मिरवणूक, पेढे. कौतुक जरूर करावे, त्यात कंजुषी नको. पण मुलगा मैदानावरून घरी येतो तेव्हा दारातच आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? ‘जिंकलास का?’ हाच ना? आठवडाभर नुसते लक्ष ठेवावे. जपाला बसताना मन कोठे जाते हे जसे पाहतो, तसेच.

आणखी एक करता येईल. चार-पाच वर्षांपूर्वी ज्याचा फ्लेक्स लागला होता तो मुलगा आता कोठे आहे, विचारा. दुखापत झाली असेल, निवड हुकली असेल, कोठेतरी नोकरी करत असेल. येत्या रविवारी त्याच्या घरी जाऊन यावे. खेळाचा विषय आपणहून काढू नये. त्याने काढला, तर घड्याळ न पाहता ऐकत बसावे.