पियानो कोणाचा?

न्यू जर्सीत माझ्या टीम लीडच्या घरी आपोआप वाजणारा पियानो आहे. परवा त्याने मोठ्या हौसेने तो दाखवायला घेतला आणि पुढची २० मिनिटं आम्ही टॅबलेटकडेच बघत बसलो. ॲप अपडेट झालेलं, जुन्या टॅबलेटवर उघडेना. पियानो ठणठणीत, पण मुका.

१९०८ साली अमेरिकेतल्या बफेलो शहरात उत्पादकांनी एकत्र बसून ८८ सुरांच्या कागदी रोलचं माप ठरवलं: एका इंचात ९ छिद्रं. त्यामुळे एका कंपनीचा रोल दुसरीच्या पियानोवर वाजू लागला. त्यातल्या बऱ्याच कंपन्या बुडाल्या. रोल आजही वाजतात.

मला हसू आलं नाही. गेल्याच महिन्यात 'जुन्या व्हर्जनचा सपोर्ट बंद' ही ओळ मीच लिहिली होती. कारणं खरी होती: सुरक्षा, टेस्टिंगचा खर्च. जुनं सगळं कायम सांभाळता येत नाही, हे मान्य. पण सांभाळणं थांबवणं वेगळं आणि जाताना किल्ली सोबत नेणं वेगळं. साधी फाइल, साधी वायर, खुला फॉरमॅट, एवढं तरी आपण मालकाचं देणं लागतो ना?

सोमवारी ते तिकीट मी पुन्हा उघडलं. मॅनेजरचं उत्तर अजून आलेलं नाही.