सात जन्म कोणी मागितले?

ज्येष्ठात वडाला सूत गुंडाळताना ‘हाच नवरा सात जन्म’ हे मागणं ठरलेलं, आणि त्यावरचे नवऱ्यांचे विनोदही. गंमत अशी की महाभारताच्या वनपर्वातली सावित्री असं काही मागतच नाही. सासऱ्याची दृष्टी, त्याचं गेलेलं राज्य, वडिलांना पुत्र, स्वतःला पुत्र आणि सत्यवानाचे प्राण. सगळं याच जन्मातलं. यमाकडे ती पुढची उधारी ठेवत नाही.

जन्मोजन्मीच्या प्रेमाची हौस मात्र आपल्याला दांडगी. १९५८ च्या ‘मधुमती’पासून २००७ च्या ‘ओम शांती ओम’पर्यंत ती तिकीटबारीवर चालली. या कथांची पणजी म्हणजे सातव्या शतकात हर्षवर्धनाच्या आश्रयाला असलेल्या बाणभट्टाची ‘कादंबरी’. पणजीचा स्वभाव मात्र पतवंडांपेक्षा बराच कडक आहे.

अच्छोद सरोवराच्या काठी महाश्वेता तप करते आहे. तिचा पुंडरीक प्रेमज्वरानं गेला. चंद्रमंडळातून उतरलेल्या एका दिव्य पुरुषानं त्याचा देह उचलून नेताना ‘पुन्हा भेट होईल’ असा शब्द दिला, त्यावर ती जगते आहे. एके दिवशी वैशंपायन नावाचा तरुण तिथे पोचतो आणि त्याचा पायच निघेना. काय हरवलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी शोधत तो काठावर भटकतो. महाश्वेता दिसल्यावर तो तिच्यामागे लागतो, ऐकतच नाही. ती चिडून शाप देते : पोपटासारखा बरळतोस, पोपटच हो. तो जागीच कोसळतो.

तो पुंडरीकच होता.

सिनेमावाला इथे पार्श्वसंगीत चढवून ओळख पटवून देईल. ‘कादंबरी’ तसं करत नाही. या कथेत ज्याला पुन्हा जन्म मिळतो त्याला तेव्हा काही आठवत नाही, आणि जिला सगळं आठवतं तिला नवा जन्म नाही. पुंडरीकाशी एकनिष्ठ राहण्याच्या भरात महाश्वेता पुंडरीकालाच शापते. यात तिची चूक कोणती? ओढ त्याला असेल, म्हणून तिनं होकार द्यावा असं कुठे आहे?

शास्त्रही तिच्याच बाजूनं बोलतं. नुकतं जन्मलेलं मूल दुधाकडे वळतं, यावरून न्यायसूत्रकार पूर्वजन्म सिद्ध करतात. म्हणजे अभ्यासानं मुरलेली ओढ पुढे येते, आठवणींची वही येत नाही. पूर्वजन्माचं ज्ञान हवं तर पतंजली संस्कारांचा साक्षात्कार करून घ्यायला सांगतात. ते योग्याचं काम, प्रेमात पडलेल्याचं नव्हे. ‘मिलिंदप्रश्ना’तला बौद्ध भिक्षू नागसेन तर विचारेल की पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? एकच नाही, वेगळीही नाही. मग वैशंपायनाला ‘तोच’ म्हणायचं कशाच्या जोरावर?

शिवाय ‘कादंबरी’त पुनर्जन्म हे बक्षीस नाहीच. मरता मरता पुंडरीकानं चंद्राला शाप दिला, चंद्रानं उलट शाप दिला, आणि दोघांना एकमेकांच्या दुःखात वाटेकरी होऊन जन्म घ्यावे लागले. राजपुत्र चंद्रापीड हा तो चंद्र. मित्र वैशंपायन गेल्याचं कळताच त्याचंही हृदय फुटतं, आणि त्याची प्रेयसी कादंबरी त्याचा न विटणारा देह सांभाळत बसते. ज्या धर्मविचारात जन्ममरणाचा फेरा सुटावा म्हणून एवढी खटपट, तिथे प्रेमासाठी आणखी सात फेरे मागणं तसं विचित्रच. ऋणानुबंध म्हणजेसुद्धा शेवटी न फिटलेलं देणं. अपवाद तुकोबांचा : संतसंग मिळणार असेल तर ते मोक्ष बाजूला सारून गर्भवास खुशाल पत्करतात. तिथे जन्म नशिबानं गळ्यात पडत नाही, माणूस तो निवडतो.

‘कादंबरी’तही अशी एक आहे. पत्रलेखा. कुलूतच्या राजाची बंदिवान मुलगी, चंद्रापीडाचा विड्याचा डबा सांभाळणारी, कादंबरीचा निरोप त्याच्यापर्यंत आणणारी. रवींद्रनाथांनी काव्यातल्या उपेक्षितांवर लिहिताना ऊर्मिलेबरोबर हिलाही जागा दिली, कारण तरुण राजपुत्राच्या इतक्या जवळ वावरणाऱ्या मुलीच्या मनात काय असेल हे बाण विचारतच नाही. उत्तर बाणाच्या मुलानं लिहिलेल्या उत्तरार्धात सापडतं. सगळे जिवंत झाल्यावर, सगळ्यांची लग्नं झाल्यावर, कादंबरी विचारते की पत्रलेखा कुठे आहे? चंद्रापीड सांगतो, ती रोहिणी, चंद्राची पत्नी. तिला कोणाचाही शाप नव्हता. नवरा एकटा कसा भोगणार म्हणून, त्यानं अडवलं तरी, ती त्याच्याआधी पृथ्वीवर आली. पुढच्या जन्मातही मागोमाग निघाली होती. त्यानंच तिला बळेबळे परत पाठवलं.

कादंबरी यावर काय म्हणाली असेल, हे विचारावंसं वाटतं.