स्वर्गीय पित्याने वाढलेले ताट



संत मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू आपल्याला चिंता सोडायला सांगतो आणि आकाशातील पाखरांकडे बोट दाखवतो. ज्यांना शेत नाही, कोठार नाही, त्यांचेही पोषण स्वर्गीय पिता करतो, असे तो म्हणतो. हे वचन आपल्याला पाठ आहे. परंतु त्यात प्रभूने आपल्याला एक काम सांगितले आहे, ते म्हणजे पाहण्याचे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘निरखून पाहा’ असा आहे.

अशी संधी आपल्या जवळच मिळते. मुंबईत शिवडीच्या जेट्टीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने अनेकदा फ्लेमिंगो महोत्सव भरवला आहे. सुट्टीच्या दिवशी अशा एका महोत्सवाला आम्ही धर्मग्रामातील काही कुटुंबे मिळून गेलो. पहिला धडा मिळाला तो वेळेचा. तेथे आपले घड्याळ चालत नाही, भरती-ओहोटीचे चालते. भरती आली की पक्षी काठाजवळ सरकतात आणि ओहोटी लागली की पाण्यामागोमाग दूर जातात. यिर्मया संदेष्टा आठव्या अध्यायात हेच सांगतो. पाखरांना आपला येण्याजाण्याचा काळ कळतो, देवाच्या प्रजेला मात्र देवाचा नियम कळत नाही, अशी त्याची खंत आहे.

फ्लेमिंगोला मराठीत रोहित किंवा अग्निपंख म्हणतात. कच्छच्या रणाकडून हे पक्षी हजारोंच्या संख्येने येथे येतात आणि साधारण नोव्हेंबर ते मे या काळात राहतात. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखलपाण्यातील बारीक शेवाळ गाळून खातात. त्यांचे पिल्लू राखाडी असते. शेवाळातील रंगद्रव्य अंगात मुरते, तसा गुलाबी रंग चढतो. दुर्बिणीतून हे पाहताना मुलांचा विश्वास बसेना की एवढे सौंदर्य या काळ्या चिखलातून येते! शेजारीच तुतवार आणि चिखल्या हे छोटे पक्षी किडे-अळ्या टिपत होते. त्यांच्यापैकी काही थेट सायबेरियाहून आलेले असतात.

बंधुभगिनींनो, पिता पाखरांना कसा पोसतो, हे तेथे डोळ्यांना दिसते. तो चिखल म्हणजे पित्याने वाढलेले ताट आहे. त्याच ताटात आपल्या कोळी बांधवांची कोळंबी आणि चिंबोऱ्याही वाढतात. आपण मात्र त्याला ‘पडीक जागा’ म्हणतो. तेथे डेब्रिज टाकतो, तिवरे तोडतो, भराव घालतो. पाहुण्यासमोरचे ताट आपण कधी ओढून घेऊ का? मग देवाने बोलावलेल्या पाहुण्यांच्या बाबतीत आपण गप्प का राहतो?

ठाणे खाडीचा काही भाग 2015 साली फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 साली त्याला रामसर दर्जा मिळाला. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातील तिवरांच्या तोडीला मनाई केली. परंतु रात्रीच्या अंधारात कोणाचा ट्रक कुठे रिकामा होतो, हे गावातल्या माणसालाच ठाऊक असते. घराची दुरुस्ती केल्यावर आपले डेब्रिज कुठे जाते, हे आपण कंत्राटदाराला विचारतो का? खाजणाची जमीन विकताना आपण केवळ भाव पाहतो की त्या जमिनीचे पुढे काय होणार तेही पाहतो?

पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले आहे की आपल्यामुळे नष्ट होणारे जीव यापुढे आपल्या अस्तित्वाने देवाचे गौरव करणार नाहीत. देवाच्या स्तुतीतला एक सूर आपल्या हातून बंद पडावा, ही साधी गोष्ट नव्हे.

रोहित पक्षी जे खातो, त्याचा रंग त्याच्यावर चढतो. आपण तर दर रविवारी प्रभूचे शरीर सेवन करतो. त्याच्या प्रेमाचा रंग आपल्यावर चढला आहे का? दुसऱ्याचे ताट आपण राखतो की ओढतो, यावरून तो ओळखावा. या आठवड्यात मुलांना घेऊन जवळच्या खाडीवर जाऊ या, अर्धा तास निरखून पाहू या, आणि परतताना एक पिशवी कचरा उचलू या.

हे पित्या, तू पाखरांना पोसतोस. तुझ्या ताटावर पाय देण्यापासून आम्हाला आवर, आणि तुझ्या भरवशावर निश्चिंत राहायला शिकव. आमेन.