गुन्हा नाही, म्हणून योग्य काय?

एखादी गोष्ट कायद्याने गुन्हा राहिली नाही, की ती योग्य ठरते काय? आणि उलट, एखादी गोष्ट अपायकारक आहे एवढ्याच कारणाने ती करणाऱ्याला तुरुंगात टाकावे काय? हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात, पण ते वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत झाली म्हणजे घरोघरी वाद होतात. आमच्या ॲन आर्बर शहरात गांजाच्या निमित्ताने हा वाद पन्नासांहून अधिक वर्षे चालू आहे. ठाण्याहून किंवा लोदहून नातेवाईकांचा फोन आला की ते हमखास विचारतात, "तुमच्याकडे म्हणे गांजाची दुकाने आहेत! सरकार हे चालू तरी कसे देते?" त्यांच्यासाठी, आणि इथे वाढणाऱ्या मुलांच्या आईबापांसाठी, मी हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम सरकारने हे का चालू दिले ते पाहू. 1969 साली मिशिगनमध्ये जॉन सिंक्लेअर नावाच्या कवीला गांजाच्या दोन सिगारेटींपायी दहा वर्षांपर्यंतची सजा झाली. त्या दोन सिगारेटी त्याने ओळख लपवून आलेल्या पोलिसाला दिल्या होत्या. 10 डिसेंबर 1971 रोजी त्याच्या सुटकेसाठी येथील क्रिस्लर अरीनात मोठी सभा भरली. सुमारे 15,000 लोक जमले. जॉन लेनन, योको ओनो, स्टीव्ही वंडर यांच्यासारखे कलावंत आले. आदल्याच दिवशी राज्याच्या विधिमंडळाने सजा कमी करणारा कायदा मंजूर केला होता, आणि सभेनंतर तीन दिवसांनी सिंक्लेअर सुटला. मार्च 1972 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जुना कायदाच घटनाबाह्य ठरवला. त्याच वर्षी ॲन आर्बरच्या नगर परिषदेने गांजा बाळगण्याचा दंड फक्त 5 डॉलर केला. 1973 मध्ये परिषदेतील बहुमत बदलले आणि तो नियम रद्द झाला; 1974 मध्ये नागरिकांनी मतदान करून तो परत आणला. पुढे 2008 साली राज्यातील मतदारांनी औषध म्हणून गांजाला मान्यता दिली. नोव्हेंबर 2018 मध्ये सुमारे 56 टक्के मतांनी 21 वर्षांवरील सर्वांना तो मोकळा झाला, आणि 1 डिसेंबर 2019 पासून दुकानात विक्री सुरू झाली.

हे वाचून "अमेरिकेची थेरं" म्हणून नाक मुरडण्याआधी आपण आपल्या मुलखाकडेही पाहावे. ब्रिटिश सरकारने 1893 मध्ये भांग, गांजा व चरस यांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला होता. शेकडो साक्षी घेऊन आयोगाने असा निष्कर्ष काढला की, बेताने सेवन करणाऱ्यांना सहसा मोठा अपाय होत नाही, अतिरेक मात्र घातक असतो, आणि सरसकट बंदीपेक्षा परवाना व कर हा मार्ग बरा. पुढे 1961 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली आणि 1985 मध्ये अंमली पदार्थांचा कडक कायदा आला. त्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसती पाने त्यात येत नाहीत. त्यामुळे काही राज्यांत पानांची भांग परवान्याच्या दुकानात मिळते, आणि त्याच झाडाचा शेंडा खिशात सापडला तर माणूस कोर्टात उभा राहतो. पानात पुण्य आणि फुलात पाप असे काही असते काय? कायद्याला कुठेतरी रेघ ओढावीच लागते. परंतु ती रेघ म्हणजे धर्माधर्माची रेघ नव्हे, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता मी ज्या कामात आयुष्य घालवले त्या बाजूने बोलते. कॅन्सरच्या वॉर्डात केमोथेरपीनंतर घासभर अन्न पोटात न ठरणारे पेशंट मी पाहिले आहेत. 2008 पूर्वी त्यांच्या बायका दारामागे घेऊन जाऊन हळूच विचारीत, "सिस्टर, याने म्हणे उलटी थांबते, खरे का?" ती विचारणा मूर्खपणाची नव्हती. गांजातील मुख्य द्रव्य टीएचसी हे 1964 साली इस्रायलमध्येच प्राध्यापक राफाएल मेशुलाम व त्यांचे सहकारी येहिएल गाओनी यांनी शुद्ध रूपात वेगळे केले. प्रयोगासाठीचा चरस त्यांना पोलिसांकडून मिळाला होता! त्या द्रव्याची गोळी अमेरिकेत 1985 पासून केमोथेरपीच्या उलट्यांवर औषध म्हणून मान्य आहे. जुनाट वेदनांवरही काहींना आराम पडतो.

पण दुसरी बाजूही मी त्याच डोळ्यांनी पाहिली. रोज ओढणारी काही तरुण मुले पोट धरून, ओकून ओकून बेजार होऊन येत. कढत पाण्याखाली उभे राहिले तरच त्यांना बरे वाटे. हा गांजामुळेच होणारा विकार आहे, आणि सोडल्याशिवाय तो जात नाही. कोवळ्या वयात सुरुवात करणाऱ्यांत, विशेषतः घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर, भ्रम व वेड यांचा धोका वाढतो. शिवाय आजचा माल पूर्वीचा नव्हे. जप्त झालेल्या गांजात 1995 च्या सुमारास टीएचसी सरासरी 4 टक्के होते. 2021 पर्यंत ते 15 टक्क्यांच्या आसपास गेले. आणि लहान मुले? गांजा घातलेली चॉकलेटे व चघळायच्या गोळ्या खऱ्या खाऊसारख्याच दिसतात. सहा वर्षांखालील मुलांनी त्या खाल्ल्याच्या, अमेरिकेतील विष-माहिती केंद्रांकडे आलेल्या नोंदी 2017 मध्ये 207 होत्या; 2021 मध्ये त्या 3,054 झाल्या. त्या मुलांचा यात काय दोष?

मग मत कुठे द्यावे? मी असा विचार करते. शिक्षा ही अपराधाच्या मानाने असावी. दोन सिगारेटींनी त्या माणसाचे जे बिघडले असते, त्याहून किती तरी अधिक दहा वर्षांच्या तुरुंगाने बिघडले असते. शिवाय ही शिक्षा सर्वांना सारखी लागली नाही. गोरे व काळे लोक जवळजवळ सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, तरी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाप्रमाणे काळ्या लोकांना अटक होण्याची शक्यता साडेतीन पटींहून जास्त होती. जो कायदा माणूस पाहून लागतो, त्याचा धाक राहतो पण आदर राहत नाही. मुंबईत 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर काय झाले, हे आमच्या आईवडिलांच्या पिढीने पाहिले. ऐपत असलेल्यांनी डॉक्टरचा दाखला घेऊन परमिट काढले, आणि गरीब हातभट्टीकडे गेला. म्हणून प्रौढ माणसाला यासाठी तुरुंगात टाकू नये, असेच माझे मत आहे.

पण येथेच थांबणाऱ्यांशी माझे जमत नाही. "माझे शरीर, माझी मर्जी" असे तरुण म्हणतात. शरीर तुझे खरे; पण ते बिघडले म्हणजे खाटेशेजारी रात्र कोण काढते? रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी 1973 मध्ये गांजा निषिद्ध ठरवला, तेव्हा शरीर व बुद्धीची हानी या कारणांबरोबरच आईबापांना होणारे दुःख हेही कारण त्यांनी दिले होते. मला ते कारण फार मोलाचे वाटते. आपला धर्म नशेचा विचार न करता मद्य नाकारीत नाही. किद्दुशसाठी आपल्या आजीने काळ्या मनुका भिजवून शरबत केले, तेव्हा त्या पेल्याला वेळ होती, आशीर्वाद होता, भोवती घरची माणसे होती, आणि तो एक पेला होता. चार भिंतींआड रोज एकट्याने घेतलेल्या गोळीला यातले काहीच नसते. आणि दुकानाला ते नकोच असते. त्याचा नफा वर्षातून एकदा येणाऱ्यावर नाही, रोज येणाऱ्यावर चालतो. राज्यालाही 10 टक्के खास अबकारी कर मिळतो. तेव्हा "कमी घे" असे सांगणारे घराबाहेर फारसे कोणी उरत नाही. पोलिसाने काम सोडले, ते आता आईबापांवर आले आहे.

शेवटी परदेशी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मिशिगनमध्ये 21 वर्षांवरील माणसाला अडीच औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे 70 ग्रॅम, जवळ बाळगता येतो. पण केंद्र सरकारच्या कायद्याने मौजेसाठी गांजा बाळगणे हा गुन्हाच आहे. ग्रीन कार्डवर असलेल्या मुलाने राज्याच्या कायद्याप्रमाणे निर्धास्तपणे घेतलेला गांजा त्याच्या नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकतो. 2019 मध्ये इमिग्रेशन खात्याने तसे स्पष्ट केले आहे. गांजाच्या दुकानातील नोकरीही त्यातून सुटत नाही. विद्यापीठाच्या आवारात तो चालत नाही, गाडी चालवताना चालत नाही, आणि नोकरी देणारा यावरून कामावरून काढूही शकतो. विमानाने नेण्याचा तर विचारही करू नये. 2019 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर साडेनऊ ग्रॅम चरसापायी एका इस्रायली तरुणीला साडेसात वर्षांची सजा झाली. जानेवारी 2020 मध्ये माफी मिळाली, तोवर नऊ महिने ती तुरुंगात होती.

म्हणून मुलांशी बोला. ओरडून नव्हे, आणि "आमच्या वेळी असे नव्हते" म्हणूनही नव्हे. कारण आमच्या वेळीही होते. त्यांना आकडे सांगा, कायदा सांगा, घरात कोणाला मानसिक आजार झाला असेल तर तो लपवू नका, तोही सांगा. घरी कोणी दुखण्यासाठी गोळ्या घेत असेल, तर त्या कुलपात ठेवा आणि डॉक्टरला कळवा. कोणी या सवयीत सापडला असेल, तर त्याला नावे ठेवण्याआधी इस्पितळात न्या. तो गुन्हेगार नाही हे आता कायदाही म्हणतो. तो आपला आहे, हे आपणच म्हणायचे आहे.