यजमानपदाची किंमत

दर मार्चमध्ये अमेरिकेतल्या काही कॉलेजांच्या क्रीडा विभागांना एक विचित्र प्रश्न पडतो. आपल्याच कोर्टवर, आपल्याच छताखाली मॅच खेळण्यासाठी आपण पैसे भरायचे का?

ज्यांनी अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल कधी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नियमित हंगाम संपला की सर्वोत्तम 68 संघ एनसीएएच्या मुख्य स्पर्धेत जातात. हरलात की घरी, मधलं काही नाही. ज्यांना तिथे जागा मिळत नाही त्यांच्यासाठी एनआयटी आहे. ती 1938 साली सुरू झाली, म्हणजे मुख्य स्पर्धेपेक्षा एका वर्षाने जुनी, पण आज तिला दुय्यमच मानतात. तिच्याही खाली 2008 मध्ये एका खासगी कंपनीने सीबीआय नावाची स्पर्धा काढली. तिचा हिशोब सरळ होता. मॅच तुमच्या गावात हवी असेल तर आम्हाला पाच आकडी डॉलर द्या आणि यजमान व्हा. पुढे ही स्पर्धा फ्लोरिडात एकाच ठिकाणी भरू लागली, पण सुरुवातीची बरीच वर्षं तिचा गाडा असाच चालला.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते लाच दिल्यासारखं वाटलं. बाद पद्धतीच्या स्पर्धेत घरचं कोर्ट म्हणजे केवढा फायदा. ओळखीच्या रिंगा, स्वतःचा बिछाना, आपल्या बाजूने ओरडणारी माणसं. तो फायदा विकत कसा घ्यायचा?

पण थोडा विचार केला की ही तक्रार लंगडी पडते. नियम सगळ्यांना माहीत होते. पाहुण्या संघालाही आमंत्रण नाकारता येत होतं आणि अनेक कॉलेजांनी ते नाकारलंही. शिवाय पैसे भरणाऱ्यांच्या बाजूने एक गोष्ट आहे, जी ताळेबंदात दिसत नाही. कॉलेजात खेळणाऱ्यांपैकी फार थोडे पुढे व्यावसायिक होतात. चौथ्या वर्षाच्या खेळाडूसाठी मार्चमधली शेवटची मॅच ही बहुतेक वेळा आयुष्यातली शेवटची खरी मॅच असते. आणखी एक संध्याकाळ, घरच्या लोकांसमोर. त्यासाठी कुणी पैसे मोजले तर मी त्याला उधळपट्टी म्हणायला धजणार नाही.

मग माझा प्रश्न जरा सरकतो. पैसे दिले ते ठीक, पण कोणाचे?

अमेरिकेतल्या बऱ्याच सार्वजनिक विद्यापीठांत क्रीडा विभाग स्वतःच्या पायावर उभा नसतो. त्याचा काही भाग प्रत्येक विद्यार्थ्याने भरलेल्या फीमधून जातो. तो विद्यार्थी मॅच बघो न बघो, त्याला बास्केटबॉल आणि हँडबॉल यातला फरक कळो न कळो. आपल्याकडून एमएससाठी गेलेली, कर्ज काढून गेलेली पोरंही यात आली. त्यात मार्च म्हणजे स्प्रिंग ब्रेकचा महिना. म्हणजे ज्या गर्दीच्या जोरावर घरचं कोर्ट घरचं वाटतं ती गर्दी नेमकी त्याच आठवड्यात गावाबाहेर असते. पैसे तिचे आणि खुर्च्या रिकाम्या. एखादी गोष्ट सगळ्यांच्या खिशातून करायची तर ती सगळ्यांच्या किती उपयोगाची, हा प्रश्न नगरपालिकेला विचारतो तसाच कॉलेजलाही विचारायला हवा.

उलटं टोकही आहे. इंडियानाच्या कॉलेजसंघाने 2014 मध्ये सीबीआयला नकार दिला. 2017 मध्ये एनआयटीत त्यांना घरी खेळण्याचा मान मिळत होता, तोही त्यांनी घेतला नाही. सुट्टी हे एक कारण होतं, पण घरच्या कोर्टची किंमत कमी होईल हेही एक होतं. तिथे पाच राष्ट्रीय विजेतेपदांचे झेंडे टांगलेले आहेत आणि त्यांच्याखाली दुय्यम स्पर्धेची मॅच नको. संघ अटलांटाला गेला आणि जॉर्जिया टेककडून हरला. पैसे भरून यजमान होणाऱ्या छोट्या कॉलेजपेक्षा मला हे जास्त खटकतं. त्या पोरांनी वर्षभर त्याच कोर्टवर घाम गाळला होता. झेंडे त्यांच्यासाठी होते की ते झेंड्यांसाठी?

इथपर्यंतचा सगळा हिशोब यजमानांचाच झाला. त्यांचे पैसे, त्यांची अब्रू, त्यांची गर्दी. पाहुण्याच्या खात्यावर काय पडतं ते बघायचं तर महिलांच्या मुख्य स्पर्धेकडे जावं लागतं. पुरुषांच्या मुख्य स्पर्धेच्या मॅचेस त्रयस्थ ठिकाणी होतात आणि ती ठिकाणं काही वर्षं आधी ठरतात. महिलांच्या पहिल्या दोन फेऱ्या मात्र कॉलेजांच्या आवारात होतात, कारण त्रयस्थ गावात प्रेक्षक येतील याची खात्री कोणाला नव्हती.

वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन शहरात गॉन्झागा नावाचं विद्यापीठ आहे. 2011 साली त्यांच्या मुलींना अकरावं मानांकन होतं, म्हणजे कागदावर बरेच मागे. पण त्या काळी यजमान आधीच बोली लावून ठरत आणि त्या वर्षी स्पोकॅन यजमान होतं. त्यामुळे सहावं मानांकन असलेलं आयोवा आणि तिसरं मानांकन असलेलं यूसीएलए विमानात बसून अकराव्या मानांकनाच्या घरी खेळायला आले आणि हरले. पुढची फेरीही स्पोकॅनमध्येच होती. तिथे लुईव्हिल हरलं. शेवटी स्टॅनफर्डने त्यांना थांबवलं. कोर्टनी व्हँडरस्लूट त्या संघात होती आणि ती अफाट खेळली हे खरंच. कारकिर्दीत दोन हजार गुण आणि हजार असिस्ट करणारी ती पहिली खेळाडू, पुरुषांतही तोवर कोणी केलं नव्हतं. तरी यूसीएलएच्या मुलींनी वर्षभर जिंकून कमावलेलं तिसरं मानांकन त्या रात्री त्यांच्या काय कामाला आलं, हा प्रश्न उरतोच.

2015 पासून हे बदललं. वरच्या सोळा संघांना घरी खेळायला मिळू लागलं. यजमानपद बोलीवर न मिळता हंगामातल्या कामगिरीवर मिळू लागलं. न्याय्य वाटतं ना? मलाही वाटलं. आमच्या धंद्यात याला बग फिक्स म्हणतात. आणि आमच्या धंद्यातल्या कोणालाही विचारा, एक बग मिटला की दुसरीकडे काय तुटलं ते आधी बघायचं असतं.

यजमान आता खेळून ठरणार, म्हणजे तो उशिरा ठरणार. संघांची अंतिम यादी रविवारी जाहीर होते आणि शुक्रवार-शनिवारी मॅचेस सुरू. संभाव्य कॉलेजांना तयारीत राहायला सांगितलेलं असतं, पण गावातल्या हॉटेलांना ते कसं सांगणार? 2024 च्या मार्चमध्ये गॉन्झागाला चौथं मानांकन मिळालं आणि महिलांच्या चार संघांचा गट स्पोकॅनला आला. त्याच आठवड्यात पुरुषांच्या स्पर्धेच्या मॅचेसही त्याच शहरात होत्या, त्या खूप आधी ठरलेल्या. शिवाय लहान वयोगटाची एक मोठी व्हॉलीबॉल स्पर्धा होती. खोल्या संपल्या. युटाच्या संघाची सोय झाली ती सुमारे 50 किलोमीटरवर, शेजारच्या आयडाहो राज्यातल्या कोर दलेन या गावात.

21 मार्चच्या गुरुवारी संध्याकाळी युटाचा संघ, बँडवाले, चिअरलीडर्स सगळे चालत जेवायला निघाले. रस्त्यावर गाडीतून त्यांच्यावर वांशिक शिवी ओरडली गेली. जेवून परतताना पुन्हा त्रास झाला, इंजिनं गुरगुरवत, पाठीमागे येत. दुसऱ्या दिवशी त्यांना स्पोकॅनमध्ये हलवलं. म्हणजे खोल्या शेवटी निघाल्याच. संघाने शनिवारची मॅच जिंकली, सोमवारी गॉन्झागाकडून 77-66 असा हरला आणि त्यानंतरच प्रशिक्षक लिन रॉबर्ट्स यांनी घडलेलं सगळं पत्रकारांसमोर सांगितलं. कोर दलेनच्या महापौरांनी माफी मागितली, गॉन्झागाने दुःख व्यक्त केलं. मे महिन्यात तिथल्या सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. शब्द घृणास्पद होता, पण तेवढ्यावर गुन्हा उभा राहत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

कोर दलेनजवळ आर्यन नेशन्स या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेचा तळ होता. 2000 साली एका दाव्यात ज्यूरीने त्यांना 63 लाख डॉलरचा दणका दिला आणि तो तळ गेला. त्यांच्याविरुद्ध स्थानिक नागरिक वर्षानुवर्षं लढले हेही सांगायला हवं, नाहीतर गावावर अन्याय होईल. पण खोल्या शोधताना कोणाच्या मनात हा इतिहास आला असेल का? अंतर किती, बस किती, दर किती, एवढंच त्या तक्त्यात असतं.

इथे दोषी कोण, या प्रश्नाचं सोपं उत्तर आहे: शिवी देणारा. ते उत्तर खरं आहे आणि ते धरूनच पुढे बोलायला हवं. त्याने शिवी दिली ती युटाच्या मुलींना खोल्या नाहीत म्हणून नाही. पण त्या मुली त्या रस्त्यावर, बिनओळखीच्या गावात, रात्री पायी का होत्या, याचं उत्तर व्यवस्थेकडे जातं. चार संघ एका गावात आणायचे ठरले, आणि गावाची क्षमता कोर्टच्या खुर्च्यांवरून मोजली गेली.

आपल्या भाषेतला यजमान हा शब्द इथे मला सारखा आठवतो. (घरोघरी नवऱ्याला यजमान का म्हणतात तो वेगळा निबंध.) संस्कृतात यज्ञ करण्याच्या क्रियापदाची दोन रूपं आहेत. ऋत्विज दुसऱ्यासाठी यज्ञ करतात, तेव्हा एक. आणि ज्याला स्वतःला यज्ञाचं फळ मिळणार आहे त्याच्यासाठी दुसरं, 'यजते'. यजमान हा त्या दुसऱ्या रूपातून आलेला शब्द. म्हणजे जो स्वतःसाठी करतो तो. म्हणूनच खर्च त्याचा, दक्षिणा त्याने द्यायची. आपण हा शब्द आदरातिथ्याच्या गोड अर्थाने वापरतो, पण त्याच्या पोटात एक रोखठोक व्यवहार आहे. फळ तुला मिळणार तर भार तू उचल.

त्या तराजूत सीबीआयचा पाच आकडी चेक मला तुलनेने स्वच्छ वाटतो. फायदा घेतला, किंमत मोजली. चेक कोणाच्या खिशातून आला त्यावर भांडता येतं, पण तो दिसतो तरी. स्पोकॅनमध्ये फायदा यजमानाचा होता आणि किंमतीचा सगळ्यात जड भाग पाहुण्यांनी भरला. त्याची पावती कोणी फाडली नाही. गॉन्झागाने हे मुद्दाम केलं असं कोणीच म्हणत नाही, मीही नाही. नियमाने दिलेलं यजमानपद त्यांनी घेतलं, एवढंच. 2011 चा अन्याय टाळणाऱ्या नियमानेच 2024 ची घाई आणली.

त्यानंतर महिलांच्या पहिल्या फेऱ्याही त्रयस्थ ठिकाणी न्याव्यात का, यावर प्रशिक्षकांत वाद झाला. माझं मत त्याहून लहान आहे. घरी खेळायचा हक्क कामगिरीवरच द्यावा, पण तीन पाहुण्या संघांच्या आणि त्यांच्या बँडच्या खोल्या गावातच, नावासकट, राखून ठेवल्याचा कागद त्यासोबत मागावा. कागद नसेल तर पुढच्या मानांकनाला विचारावं. हा नियम त्या वर्षी असता तर गॉन्झागाच्या सहा हजारांच्या हॉलमध्ये कदाचित ती मॅच झालीच नसती. वर्षभर जिंकून कमावलेलं घरचं कोर्ट एका व्हॉलीबॉल स्पर्धेमुळे गेलं असतं. मला तो तोटा चालतो. गॉन्झागाच्या मुलींना विचारलं तर त्या नाही म्हणतील, आणि त्यांना मी काय सांगणार हे मला अजून नीट सुचलेलं नाही.