तीस मिनिटे आणि वर काही सेकंद

आल्बेर्तो सांतोस-द्युमाँ हे ब्राझीलमधल्या एका बड्या कॉफी मळेवाल्याचे चिरंजीव. पैशाला तोटा नव्हता, पण पॅरिसला आले आणि उडण्याच्या वेडाने पछाडले. वारा नेईल तिकडे जाणाऱ्या फुग्यात त्यांना गोडी नव्हती. लांबट फुग्यात हायड्रोजन भरायचा, खाली पेट्रोलचे इंजिन टांगायचे आणि आपल्याला हवे तिकडे जायचे, हा त्यांचा हट्ट. हायड्रोजनखाली पेट्रोलचे इंजिन! आज कुणी परवानगी तरी देईल का?

तेव्हा एक स्पर्धा होती: पॅरिसजवळच्या सँ-क्लूहून निघून आयफेल टॉवरला वळसा घालायचा आणि तीस मिनिटांत परतायचे, बक्षीस एक लाख फ्रँक. ऑगस्ट १९०१ मध्ये त्यांनी प्रयत्न केला, तेव्हा वायू गळला, फुगा लुळा पडला आणि दोर पंख्यात अडकू लागले. इंजिन बंद करावे लागले. यान एका हॉटेलच्या छपरावर आदळून फाटले, साहेब भिंतीशी लोंबकळले. अग्निशामक दलाने त्यांना वर ओढून घेतले. त्यांनी लगेच नवे यान बांधायला घेतले.

१९ ऑक्टोबरला फेरी वेळेत झाली, पण खाली दोर पकडेपर्यंत अर्ध्या तासावर काही सेकंद गेले. परीक्षक अडून बसले, लोक खवळले. अखेर बक्षीस मिळाले. त्या पैशातले स्वतःकडे काही न ठेवता त्यांनी ते आपल्या कारागिरांना आणि पॅरिसच्या गोरगरिबांना वाटून टाकले. घरची श्रीमंती होती, हे खरे. पण श्रीमंतांना तरी पैसा कुठे सुटतो?